पवळ्याच्या गळ्यातला देव

केनवडपासून दोन कोसांवरच्या धामणखेडात जगदेव नावाचा एक कुणबी राहत असे. गावाची त्याच्याबद्दल एकच तक्रार होती: तो मारत नसे. बैल हाकायला टोकाशी खिळा ठोकलेली काठी लागते, तिला वऱ्हाडात तुतारी म्हणतात. ती त्याच्या हातात कोणी पाहिली नव्हती. त्याचे बैल तोंडच्या आवाजावर चालत, आणि मनात नसलं की चालत नसत. लढाईवरून परतल्याला तीन वर्षं होत आली होती. एवढ्या काळात त्याने बायको गोजराबाईवरही हात टाकला नव्हता. शेजारणींना तिचा हेवा वाटे. तिला स्वतःला मात्र यात काहीतरी कमी पडल्यासारखं वाटत असावं.

"तिकडं फ्रान्सात यायच्या हातावर कोनंतरी करनी केली," असं ती विहिरीवर सांगे.

करणी कोणी केली नव्हती. जगदेवचा तो नेम होता. मरेपर्यंत हात उचलायचा नाही, असं त्याने परतीच्या बोटीवर ठरवलं होतं. त्याचं कारण त्याच्याखेरीज एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस आता ख्रिस्ती झाला होता.

सरकारला खेचरं हाकायला माणसं हवी होती तेव्हा धामणखेडातून जगदेव गेला, आणि शेजारच्या तांड्यावरून हेमला आणि रतनसिंग हे दोघे बंजारा भाऊ गेले. त्यांच्या पणज्यांनी बैलांच्या पाठीवरून अर्ध्या मुलखाला मीठ पुरवलं होतं, तेव्हा तोफगोळे वाहण्यात त्यांना नवीन काही नव्हतं. नवीन होता तो मुलूख. गावोगाव उंच देऊळ, चौकाचौकांत लाकडाला खिळलेला देव, आणि त्या एका देवाची लेकरं दोन बाजूंनी चर खणून एकमेकांना चिखलात पुरत होती. पुजारी दोन्हीकडे होते. रविवारी ते एकाच देवाकडे एकमेकांविरुद्ध अर्ज करीत. देव दोन्ही अर्ज मंजूर करीत असावा, कारण सोमवारी दोन्हीकडे मढी सारखीच पडत.

एका सकाळी खेचरांच्या रांगेवर गोळा पडला. सहा खेचरं गेली आणि रतनसिंग गेला. हेमलाला भावाचं कमरेवरचं अंग सापडलं, खालचं सापडलं नाही. तासाभराने पडक्या भिंतीमागून एक जर्मन शिपाई बाहेर आला. बंदूक टाकलेली, दोन्ही हात वर, आणि तोंडात एकच शब्द, पुन्हा पुन्हा तोच. जगदेवच्या हातात खेचरं बांधायच्या मेखा ठोकण्याची लाकडी मोगरी होती. पहिला घाव त्याने घातला, दुसरा हेमलाने. पुढचे कोणी मोजले नाहीत. कवटी फुटल्यावरही त्या माणसाचे हात क्षणभर वरच राहिले होते, हे जगदेवला पुढे कधी विसरता आलं नाही.

मग हेमलाने त्याच्या गळ्यातला क्रूस काढून घेतला आणि जगदेवने कमरेचा पट्टा. पट्ट्याला पितळेची चकती होती. तिच्यावर मुकुट होता आणि मुकुटाभोवती अक्षरं.

परत आल्यावर हेमला तो क्रूस मुठीत धरून वाशीमच्या पाद्र्याकडे गेला, हा कुणाचा देव म्हणून विचारायला, आणि तिथेच राहिला. जगदेवने पट्टा कापून पवळ्या बैलाच्या गळ्यातल्या घाटीला, म्हणजे घंटेला, लावला. चामडं उत्तम होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी पाद्रीसाहेब धामणखेडात आले. साहेब तट्टावर, हेमला औषधांची पेटी घेऊन पायी. पाद्री भला माणूस होता. वादात हरला तरी खरजेचं मलम फुकट देऊन जाई, म्हणून लोक त्याला आनंदाने हरवायला जमत. पारावर दौलतराव पाटील लोडाला टेकून बसले होते. त्यांच्या समोरच्या बाजूला त्यांचे चुलतभाऊ मारोतराव बसले होते, पाठ जराशी वळवून. पोळ्याच्या तोरणाखालून पहिला बैल कोणाचा जायचा, यावरून या दोन घरांत आज्यापासून वैर होतं. दर वर्षी एखाददुसरं डोकं फुटे आणि मान पाटलांकडेच राही.

पाद्र्याने पुस्तकी मराठीत सुरुवात केली. "युरोप आज ज्या उंचीवर आहे ती ख्रिस्तामुळे आहे. इस्पितळ, शाळा, सर्वांना एकच कायदा, गुलामांची मुक्तता, ही सारी त्या झाडाची फळे आहेत. शत्रूवर प्रीती करा, असे आमच्या प्रभूने सांगितले."

"तुमचे लोक झाडाची साल गुंडाळून हिंडत होते, साहेब," दौलतराव म्हणाले, "तवा आमच्या इथं चार वेद तोंडपाठ होते."

"आपल्याला येतात का?"

"मले कायले येतीन? बामनाले येतात."

लोक हसले. पाद्रीही हसला, पण त्याने धरलेलं सोडलं नाही. "बरे. हा हेमला तुमच्या शेजारचा. याला तुमच्या विहिरीवर पाणी काढू द्याल?"

"ख्रिस्ताव झाल्यावर? नाही." पाटलांनी पान तोंडात घातलं. "अन् तुमच्या देवळात तुमच्या मडमीच्या बाकड्यावर बसू देता का त्याले?"

पाद्र्याने हेमलाकडे पाहिलं. मग म्हणाला, "बसू द्यायला हवे." सबंध दुपारभरात एवढं एक वाक्य कोणी हरण्याच्या तयारीने बोललं असेल. पण ते ऐकायला कोणी थांबलं नाही, कारण पाटलांनी जगदेवला हाक मारली होती.

"अबे जगदेव! तू तर हे सारं आपल्या डोयानं पाह्यलं. सांग साहेबाले, तिकडं शत्रूवर कशी प्रीती चालू होती ते."

जगदेव पवळ्याला धुऊन आणत होता. त्याला पुढे यायचं नव्हतं, पण चौघांनी बैलासकट त्याला पारापाशी लोटलं. त्याने सांगितलं: एका दिवसात इतके मेले की पुरायला माती उरली नाही. पोटातली आतडी हातात धरून चालणारा माणूस पाहिला. विषारी धूर सोडत, तो ज्याच्या छातीत गेला तो उभ्या जागी खोकून मरे. देवळाच्या घंटा वितळवून तोफा करत, असं ऐकलं. तो हळू बोलत होता आणि लोक माना डोलवत होते, कीर्तनात डोलवतात तशा.

"अन् हे काय लिवलं आहे?" पाटलांनी पवळ्याच्या गळ्यातली चकती बोटाने उचलली. "वाचा ना, साहेब."

पाद्र्याने चष्मा लावला, आणि वाचायला लागायला हवा त्याहून जास्त वेळ लावला. "जर्मन भाषा आहे," तो म्हणाला. "देव आमच्या बाजूने आहे, असे लिहिले आहे."

पार हसून हसून आडवा झाला. मारोतरावही हसले आणि मग पाटलांच्या विनोदाला हसलो म्हणून गंभीर झाले.

"त्या राष्ट्रांनी ख्रिस्ताला सोडले," पाद्री म्हणाला, "म्हणून ही लढाई झाली."

"रेल्वे केली तवा ख्रिस्त संगं होता, अन् तोफ केली तवा सोडून गेल्ता," पाटील म्हणाले. "मोठा सोयीचा देव आहे बाप्पा!"

एवढ्यात हेमला पेटीवरून उठला. त्याचा हात गळ्यातल्या क्रूसावर होता. "जगदेवभाऊ," तो म्हणाला, "पट्टा कसा भेटला तेही सांग ना. मी साहेबाले सांगून टाकलं. हे ओझं तुह्यानं एकट्यानं नाही वागवल्या जानार."

जगदेवने बैलाच्या वशिंडावर हात ठेवला आणि सांगितलं. रतनसिंगाचं सांगितलं, मोगरीचं सांगितलं, पहिला घाव माझा हेही सांगितलं. तीन वर्षं तो या घटकेला भीत होता. गाव थुंकेल, गोजराबाई माहेरी जाईल, पाणी तोडतील, असं त्याने मनात पुष्कळदा पाहिलं होतं. सांगून झाल्यावर तो मान खाली घालून उभा राहिला.

"गोरा मारला?" दौलतराव उठून उभे राहिले. "आमच्या जगदेवानं गोरा मारला! लेकाच्या, तीन वर्सं बोलला नाही!"

आरोळी उठली. कोणी त्याच्या पाठीवर थापा मारल्या, कोणी गुलाल आणायला धावलं.

"त्यानं हात वर केल्ते, पाटील," जगदेव म्हणाला.

"मंग? सोपं गेलं असंन."

पाद्री पेटीशेजारी डोकं धरून बसला होता. हेमला त्याच्यापाशी उभा राहून रडत होता, आणि ते धर्मांतराचं लक्षण आहे असं लोकांचं मत पडलं. पाटील कोणत्याही गर्दीचं काहीतरी करून घेणारे गृहस्थ होते. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की उद्याच्या पोळ्यात तोरणाखालून पहिला जाईल तो जगदेवचा पवळा. मान वीराला दिला की मारोतरावांना बोलायला तोंड उरणार नव्हतं, आणि मान दिला कोणी, तर पाटलांनी.

त्या संध्याकाळी गोजराबाईने हळद-लोण्याने बैलांचे खांदे चोळले आणि रीतीप्रमाणे त्यांच्या कानात उद्याच्या जेवणाचं आवतन सांगितलं. मग नवऱ्याकडे न पाहता म्हणाली, "हे मले पयले सांगतलं असतं तं मी लोकाईले करनीचं सांगत हिंडली नसती."

"मी उद्या बैल नेत नाही."

"गाव घरातून ओढून नेईन. अन् पाटलाले नाही म्हनसान काय तुमी?"

परत आल्यापासून जगदेवने कोणाला मारलं नव्हतं तसं नाहीही म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी तो पवळ्याला घेऊन तोरणाशी उभा होता. दोन खांबांना आंब्याच्या पानांचा दोर, समोर शे-दीडशे बैल, शिंगांना बेगड, पाठीवर झुली. पोळ्यात एकमेकांना डिवचणाऱ्या तुकबंद्या म्हणतात, त्यांना झडत्या म्हणतात. पाटलांच्या गड्याने रातोरात एक जुळवली होती, ती त्याने घसा फोडून म्हटली:

"पवळ्याच्या गळ्यात पितळेचा चांद,
गोऱ्याच्या देवाले घातला बांध,
भाऊबंदाच्या बैलाले मागंच राहू द्या,
हर बोला, हर हर महादेव!"

तिसरी ओळ नको होती.

मारोतराव पुढे आले. "मान वीराचा असंन तं वीरानं घ्यावा," ते म्हणाले. "पाटलानं वाटाले थो काय त्याच्या बापाची पेंड आहे?" आणि त्यांनी आपला बैल तोरणात घातला. पाटलांच्या भाच्याने त्या बैलाच्या नाकाडावर काठी हाणली. बैल उसळला, त्याचं शिंग भाच्याच्या मांडीत गेलं, आणि मग पोळा फुटला.

बैलगाडीच्या बाजूंना बांबूच्या उभाऱ्या असतात, त्या लोकांनी आधीच उपसून ठेवल्या होत्या. म्हणजे भक्तिभाव दोन्हीकडे सारखाच होता. काठी कवटीवर पडली की कोरडा आवाज होतो आणि खांद्यावर पडली की ओला. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळले. तुतारीचा खिळा एकाच्या गालातून आरपार गेला. बिथरलेले बैल माणसं तुडवत सुटले. पाटलांचा भाचा मांडी दाबत धुळीत पडला होता, त्याच्या अंगावरून कोणाची तरी जोडी गेली आणि तो तिथेच संपला. कोणीतरी पवळ्याचा पट्टा हिसकला. चामडं तुटलं, आणि चकती फिरवत तो माणूस दिसेल त्याच्या तोंडावर मारत सुटला. वर्षभर आधी दोन्ही घरांनी मिळून एक सप्ताह बसवला होता.

मारोतराव तुटका बांबू उगारून जगदेववर आले. जगदेव बाजूला झाला. मारोतराव आपल्याच झोकाने घसरून पाठीवर पडले, आणि त्यांच्या हातातला बांबू जगदेवच्या हातात आला. कसा आला ते त्याला सांगता आलं नसतं. हात मात्र वर गेला. तीन वर्षांनी गेला, पण वाट विसरला नव्हता.

खाली पडलेल्या मारोतरावांनी दोन्ही हात वर केले.

"हान! हान त्याले!" मागून पाटलांचा आवाज आला. "गोरा मारला, अन् हा काय!"

जगदेव तसाच उभा राहिला. समोर तेच दोन तळवे होते, फक्त काळे. लोकांनी नंतर सांगितलं की त्याला कापसाची एक ओळ वेचायलाही पुरेल एवढा वेळ मिळाला होता. शेवटी त्याने बांबू टाकून दिला. त्याच वेळी मारोतरावांच्या थोरल्या मुलाने मागून उभारी घातली. डोक्यावर नेम होता, पण जगदेव वाकल्यामुळे ती उजव्या खांद्यावर बसली आणि हाड तीन ठिकाणी मोडलं.

गावाबाहेर चिंचेखाली पाद्री थांबला होता. हेमलाने पेटी आणली आणि संध्याकाळपर्यंत दोघांनी दोन्ही घरांची डोकी बांधली. हेमलाच्या हातचं पाणी न पिणाऱ्यांनी त्याच्या हातची पट्टी बांधून घेतली. जगदेवचा खांदा बांधताना तो म्हणाला, "नाही मारलं ना, भाऊ?"

"नाही."

"मी पाह्यलं."

"मंग तूच एक पाह्यलं," जगदेव म्हणाला.

ते खरं होतं. गावाला दिसलं ते असं, की गोरा मारणारा माणूस ऐनवेळी मारोतरावाला भ्याला. त्यामुळे पोळ्याचा मान पाटलांकडून मारोतरावांकडे गेला, तोही कायमचा. भाच्याच्या मरणाचा ठपका बैलावर बसला आणि भांडणाचा पाद्र्याच्या पायगुणावर. जगदेवच्या फ्रान्सच्या गोष्टीवर आता कोणी विश्वास ठेवीना. चकती गोजराबाईला दोन दिवसांनी शेणात सापडली. तिने ती चुलीमागे टाकली.

जगदेवचा उजवा हात छातीच्या वर पुन्हा कधी गेला नाही. नेम पाळण्याचं काम त्यानंतर हाडानेच केलं.

१९४० साली शेलूबाजारच्या बाजारात भरतीची सभा झाली. जुने लढवय्ये म्हणून दहा-बारा जणांना पुढे बसवलं, त्यांत जगदेव होता. एका वकीलसाहेबांनी भाषण केलं: ही लढाई संस्कृतीची आहे, देव आपल्या बाजूने आहे. शेवटी ते म्हणाले, ज्यांना हे मान्य असेल त्यांनी उजवा हात वर करावा. बाजारभर हात वर झाले. पहिल्या रांगेतला एक झाला नाही.

फौजदाराने त्याला काँग्रेसवाला समजून चौकीत नेऊन बसवलं. दुपार टळल्यावर गोजराबाई तिथे आली. तिने काही विचारलं नाही. नवऱ्याचा कोपर धरून हळूहळू वर नेला, छातीपर्यंत नेऊन थांबली, आणि फौजदाराला म्हणाली, "हे पाहा, बाप्पा. एवढाच जाते. आता सोडा त्याईले, बैल उपाशी आहेत."