गुहेला वळसा घालणारा रस्ता

वर्तमानपत्राच्या अकोला कार्यालयात मी बातम्यांसोबतचे नकाशे काढत असे. अपघाताची जागा, पुरात गेलेला पूल, वॉर्डांच्या नव्या सीमा. नकाशातला रस्ता कुठून तरी येतो आणि कुठे तरी जातो, एवढे तिथे अंगात भिनते. ती नोकरी सोडून मी अमरावतीला परतले होते. तिथेच शिकवणी वर्गात भौतिकशास्त्र शिकवणारा माझा मावसभाऊ हे जाणून होता. म्हणून आपल्या ग्रहाचा नकाशा काढायला तो माझ्याकडे आला.

ग्रह खेळातला होता. टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रे होतात आणि अडेल तिथे फासे टाकतात. भावाच्या गोष्टीत दोन सूर्य होते, यंत्राचे पंख लावलेले जादूगार होते आणि मध्यभागी एका डोंगररांगेत गुहा होती. गुहेत गाडले गेलेले अंतराळयान, यानाच्या इंजिनात कोंडलेला राक्षस. जाड फाइल भरून त्याने गुहा लिहिली होती. फाइलभर कोणी जेवत नव्हते. नावे अशी, की उच्चारताना लाळ उडावी.

डोंगरापलीकडे एक शहर होते. मी तिथवर डोंगराला वळसा घालणारा रस्ता काढला.

“ताई, हा रस्ता कायले काढला?”

“शहरात माणसे राहतात. मीठ कुठून येते त्यांना?”

“जादूनं.”

“मग गुहेतून तरी कशाला जायचे? जादूने जा.”

त्याने फाइल मिटली. “राहू दे,” म्हणाला. “रस्त्याकडे कोण पाहते?”

अमरावतीत त्याच्याबरोबर खेळायला बसलेले एका बैठकीनंतर पुन्हा फिरकले नव्हते. अकोल्यात रविवारी जमणारा एक गट त्याला ऐकायला तयार झाला होता. त्यांनी नाही म्हटले असते, तर विचारायला दुसरे कोणी उरले नव्हते. हे त्याने अकोल्याच्या बसमध्ये मला सांगितले. मला नकाशा धरायला नेले होते.

गटात चौघे होते. त्यांच्यात वयाने मोठी, बँकेत काम करणारी एक बाई. तिला सगळे मॅडम म्हणत. भावाने दिवा मालवला, आवाज खाली आणला आणि दोन सूर्यांच्या अस्तापासून सुरुवात केली. मॅडमने दिवा लावला आणि नकाशा पुढे ओढला.

“हा रस्ता कुठी जाते?”

“पलीकडच्या शहरात. पण फार लांबून आहे तो.”

“स्केल देलं हाय ना खाली,” गटातला एक विमा एजंट म्हणाला आणि बोटांनी मोजू लागला. “पाच दिवस. आन् गुहेतून?”

“ते सांगता येत नाही. गुहेतून जिवंत परत कोणी आलेलं नाही.”

“मंग काहून जावाचं तिकडून? परतवाड्याहून धारणीले घाट हाय म्हणून घाटानं जाते माणूस. बाजूनं सपाट रस्ता असता तं कोन गेलं असतं?”

“रस्त्यावर तेजाबाचं वादळ सुरू आहे!”

“किती दिवस?”

“तीन.”

“थांबतो आमी. घाई कोनाले हाय?”

भाऊ माझ्याकडे वळला. “ताई, तो रस्ता चुकून पडला ना? सांग यायले.”

“नाही,” मी म्हणाले. वर्तमानपत्रात खुलासा चुकलेल्याचा छापतात, बरोबर असलेल्याचा नाही.

ते रस्त्याने गेले. वादळाचे तीन आणि वाटेचे पाच दिवस टेबलावर क्षणात सरले, शहरात पोचले. यान, इंजिन, राक्षस सगळे मागे राहिले.

“पोचलो,” मॅडम म्हणाली. “लोक काय करून राहिले इथं?”

भावाने फाइल चाळली. शहरावर एकच ओळ होती. “लोक भयभीत आहेत.”

“भयभीत राहून काय करतात? दुकानं उघडी हायेत का?”

“त्याच्यात लिहिलं नाही.”

“मंग तोंडानं सांग ना बाबू.”

एका खेळाडूने मोबाइल काढला. दुसऱ्याने घड्याळ पाहिले. माझ्या मते गोष्ट तिथेच संपली होती आणि संपायला हरकत नव्हती. भावाचे कान लाल झाले होते.

“एक दुकान उघडं आहे,” तो म्हणाला.

“कशाचं?”

“मिठाचं.” त्याने रस्त्यावर बोट ठेवले. “याच रस्त्यानं येते. वादळात रस्ता बंद होता. आता दुकानात शेवटचं पोतं उरलं आहे आणि बाहेर गर्दी आहे.”

ज्यात एका गोष्टीतून दुसरी निघते, असे बोलणे मी त्याच्या तोंडून प्रथमच ऐकले. मोबाइल खिशात गेला. मग संध्याकाळपर्यंत त्या चौघांनी एका पोत्यासाठी भांडण केले, दुकानदाराला दम दिला, आपसात फूट पाडली. पंखवाले जादूगार रांगेत उभे राहिले. यापेक्षा मोठे काही घडले नाही.

“पुढच्या आयतवारी येजो,” निघताना मॅडम म्हणाली. “पोत्याचं अर्धवट राह्यलं.”

परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूरपर्यंत तो नकाशा मांडीवर पसरून बसला होता. बाहेर खारपाणपट्टा होता, जिथल्या विहिरींचे पाणी तोंडात धरवत नाही.

“ताई, त्यायनं विचारलं तं? मीठ निघते कुठून?”

“समुद्र काढू का?”

“समुद्र कायले लागते?” तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला. “खाऱ्या विहिरी काढ.”

काढल्या. त्याने त्या डोंगराच्या माथ्यावर मागितल्या होत्या. मी खाली, रस्ता सुरू होतो तिथे आणल्या.