आर्डिसचं होकाफूल

आर्डिस ट्वेटला म्हातारचळ लागलाय, अशी शेजारच्या लव्होनची एकदा पक्की खात्रीच झाली होती. आता आठवलं की तिचं तिलाच हसू फुटतं. झालं असं, की कॉफीत घालायला साय शोधताना तिनं आर्डिसच्या फ्रीजमधला चीजचा डबा उघडला, तर आत ओली वाळू.

"अगं, वाळू खातेस की काय आता?"

"बी आहे त्यात. थंडी खाल्ल्याशिवाय उगवत नाही मेलं. आणि बाहेर पेरलं तर खारी फस्त करतात."

बी होतं होकाफुलाचं. आयोवाच्या गवताळ माळावरचं उंच, पिवळं फूल. पानं होकायंत्रासारखी उत्तर-दक्षिण धरून उभी, म्हणून हे नाव. आर्डिसच्या माहेरी शेताजवळ, रेल्वेच्या रुळालगतच्या पट्ट्यात नुसतं माजलेलं असायचं. दांड्यावर डिंक सुटला की ती आणि तिची बहीण मर्ना दिवसभर तो चघळत बसायच्या. एका रविवारी चर्चमध्ये मर्नाचे दात असे चिकटले, की भजन आर्डिसला एकटीलाच म्हणावं लागलं. तेही बेसूर. पुढं शेत विकलं, पट्टा नांगरून सोयाबीन आलं, मर्नाही गेली. नांगर फिरायच्या आधी आर्डिसनं एप्रनच्या खिशात भरून आणलं, तेवढंच बी उरलं. ते फुललेलं एकदा बघायचं, एवढाच तिचा हट्ट.

अंगणात उगवलं खरं, पण कित्येक उन्हाळे नुसती पानंच. सगळा जीव खाली मुळात. लव्होनचा नवरा ड्वेन कुंपणावर रेलून म्हणायचा, "आर्डिस, ही भाजी शिजवतेस कधी? उपटून टाक. तिथं ऊन चांगलं येतं, मी मका लावतो."

"एक उन्हाळा थांब रे."

"दरवर्षी हेच म्हणतेस."

"दरवर्षी तू थांबतोसच की."

या जुलैत दांडा वर आला आणि फुलला. आर्डिस झोपायच्या झग्यावरच बाहेर आली. बोटानं डिंक काढून तोंडात टाकला आणि बराच वेळ नुसती चघळत उभी राहिली. लव्होन कॉफीचा कप घेऊन कुंपणाशी आली.

ड्वेनला कुठलं राहवतंय. "माझा मका उंच आहे," म्हणत तो दंताळं घेऊन आला. दंताळ्यानंच दोन्ही मोजलं. फूल वीतभर वर.

"फूल धरायचं नाही," तो म्हणाला. "नुसता दांडा."

"बरं. मग मक्याचा तुराही सोड. तेही फूलच ना?"

ड्वेननं तुऱ्याकडं बघितलं, मग बायकोकडं.

"तिच्याकडं काय बघतोस?" आर्डिस म्हणाली. "मोज की."

ड्वेननं दंताळं खांद्यावर टाकलं आणि तो आपल्या टोमॅटोंकडं वळला.