देसांकाचं बिऱ्हाड

देसांका आमच्या गल्लीत नवरी होऊन आली तेव्हा तिच्याबरोबर एक शिलाई मशीन आलं होतं. तिची सासू मिलुंका सगळ्यांना सांगत सुटली होती की, डोंगरातल्या लोकांनी पोरीबरोबर लोखंड पाठवलं. पुढे त्याच लोखंडावर घर चाललं. तिहोमिरला, म्हणजे देसांकाच्या नवऱ्याला, लाकडाच्या वखारीत काम होतं, पण त्याचा पगार घरापर्यंत क्वचितच पोचायचा. वाटेत गुत्ता लागतो. देसांका लोकांच्या पँटी आखूड करायची, पडदे शिवायची, लग्नाचे झगे शिवायची. नंतर एक शिवणकारखाना बंद पडला तेव्हा तिने तिथलं मोठं मशीन घेतलं, लोखंडी टेबलासकट. ते धूड हलवायचं म्हणजे दांडगी माणसं लागत.

तिहोमिर तिला मारायचा. हे मी सरळ सांगते, कारण आमच्या गल्लीत ते कधीच कोणी सरळ सांगितलं नाही. 'तिचा पाय घसरला', 'ती जिन्यावरून पडली.' आमच्या गल्लीत घरं सगळी बैठी, जिना फक्त शाळेला आहे. पण प्रत्येकाने तो जिना डोळ्यांनी बघितल्यासारखा सांगायचा.

माझं किराणा दुकान तिच्या दारासमोर. तिच्या घरात भिंतीवर काहीतरी आपटलं की मी हातातलं काम टाकून रस्त्यावर येऊन बोंब मारायचे, "तिहोमिर, मेल्या, सोड तिला!" शेजारचा वुकाशिन खिडकी लावून घ्यायचा. एकदा मी पोलिसाला बोलावलं. तो आला, तिहोमिरबरोबर राकिया, म्हणजे आमची फळांची दारू, प्यायला आणि जाताना मलाच म्हणाला, "रुसांडाबाई, घरोघरी मातीच्या चुली. तुम्ही तुमचा किराणा बघा." त्या रात्री तिहोमिरने तिला माझ्या फोनची वेगळी शिक्षा दिली. तेव्हापासून फोन करायच्या आधी मी तिला खुणेने विचारायचे आणि ती मानेने नको म्हणायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा.

ती एकदा पळाली होती. एक पिशवी आणि लेक नेवेना घेऊन. बस सुटायच्या आत तो स्टँडवर पोचला. केसाला धरून त्याने तिला बसच्या पायऱ्यांवरून खाली ओढलं, आणि खाली पडली तशी बुटाने तिचं मनगट दाबलं. हाडाचा आवाज मागच्या सीटवरच्या बाईनेही ऐकला म्हणे. बस वेळेवर सुटली. तिहोमिर तिला म्हणाला, "पुढच्या वेळी पुरीन. पोरीला दाखवून पुरीन." तो दारूत बोलला नव्हता, हे देसांकाने मला दोनदा सांगितलं.

मनगट बरं व्हायला अख्खा हिवाळा गेला. हातात पुन्हा कात्री धरता आली त्या दिवशी ती दुकानात आली आणि काउंटरवर वाकून म्हणाली, "रुसांडा, मी बेलग्रेडला जाणार. मशीन घेऊन जाणार."

"वेडी का तू? जीव घेऊन जा. मशीन कसलं डोंबलाचं!"

"हात हलवत गेले तर तिथे खाऊ काय? महिन्याभरात परत यावं लागेल. आणि परत आले की तो मला मारणार, तू लिहून ठेव." तिच्या मामेबहिणीने तिथे तळमजल्यावर एक खोली बघून ठेवली होती, समोरच शर्टांचा कारखाना. "मशीन असलं की मी कोणाच्या बापाला भीत नाही."

मग सामान हलवणारे शोधायला लागलो. फोन माझ्या दुकानातून. पहिल्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मालकाला फोन द्या."

"मालक मीच," देसांका म्हणाली.

"तसं नव्हे ताई. घरातल्या पुरुषाला द्या. आम्ही सामान उचलायचं आणि मागून कोणी कुऱ्हाड घेऊन यायचं, असले धंदे नकोत." दुसऱ्याने हो म्हटलं, पण घर कोणाचं ते कळल्यावर म्हणाला, "तिहोमिर? अहो, जत्रेत त्याने आमच्या ड्रायव्हरचं डोकं बाकावर आपटलं. ड्रायव्हरला अजून चक्कर येते." आणि फोन ठेवला. लोकांची डोकी आपटणाऱ्याला घाबरावं हे बाहेरच्या गावाला कळत होतं. आमच्या गल्लीत मात्र तो 'जरा तापट' होता.

शेवटी देसांका म्हणाली, "ब्लागोयेला सांगते."

ब्लागोये म्हणजे त्यांचा कूम. लग्नात नवरा-नवरीच्या पाठीशी उभा राहून साक्ष देतो, पुढे मुलाचं नाव ठेवतो, तो कूम. आमच्याकडे माणूस बापाला शिव्या घालेल, भावाच्या अंगावर विळा घेऊन जाईल, पण कुमासमोर आवाज चढवणार नाही. वर देव, खाली कूम. या ब्लागोयेचा ट्रक होता. तो बेलग्रेडच्या बाजारात मिरच्या न्यायचा आणि लोकांची बिऱ्हाडंही हलवायचा.

"कुमावर तो हात उचलणार नाही," देसांका म्हणाली. "ब्लागोये दारात उभा असला की माझं सामान देवळातून निघाल्यासारखं निघेल."

"बाई गं, तो तुझा कूम आहे तसा त्याचाही आहे."

"तो म्हातारा सज्जन आहे, रुसांडा."

"म्हणूनच सांगते."

तिने ऐकलं नाही. आणि खरं सांगायचं तर माझ्याकडे तरी दुसरा ट्रकवाला कुठे होता? मी तेलाचे, शेवयांचे रिकामे खोके जमवून दिले. ती रोज थोडं थोडं माझ्या दुकानात आणून त्यांत भरायची. पदराखाली, म्हणजे आमच्या बायकांच्या मोठ्या एप्रनखाली, दोऱ्याची रिळं, कात्र्या, नेवेनाचे लोकरी कपडे. घरातल्या कपाटात पुढे कपडे टांगलेले, मागे सगळं पोकळ. तिहोमिरने एकदा कपाट उघडलं आणि ती दारात गोठून उभी राहिली. त्याला फक्त पट्टा हवा होता. तो त्याने कशाला घेतला ते मी सांगत नाही.

दिवस ठरला तो मिरच्यांच्या दिवसांतला. आमच्याकडे तेव्हा अख्खी गल्ली रस्त्यावर असते. दारोदार चुली, पत्र्यावर लाल ढोबळ्या मिरच्या भाजतात, मग मोठाल्या कढयांत आयवार घोटतात, हिवाळाभर पुरेल एवढी चटणी. बाया, पुरुष, सगळ्यांच्या हातात हातभर लांब लाकडी सराटे. तिहोमिर पहाटेच कामावर गेला होता. ट्रक आला. ब्लागोये उतरला, त्याच्याबरोबर दोन हमाल. गल्लीने माना वर केल्या, बघितलं आणि पुन्हा मिरच्यांत घातल्या.

हमालांनी मोठ्या मशीनला पट्टे बांधले आणि ते अंगणात आणलं. नेवेनाला मी ट्रकमध्ये पुढे बसवून टाकलं. खोके निघाले. पण ब्लागोये अंगणातल्या बाकावर बसून कॉफी मागत होता.

"कूम, वाटेत पिऊ की," देसांका म्हणाली. "निघायला हवं."

"बस गं पोरी. घाई कसली? त्याला येऊ दे."

"कोणाला?"

"तिहोमिरला. येताना वखारीवर थांबलो होतो. सांगितलं त्याला."

देसांकाच्या हातातला खोका खाली पडला. "कूम, काय केलंत?"

"अगं, ज्याच्या लग्नात मी उभा राहिलो त्याचं घर त्याच्या पाठीमागे रिकामं करू? मी चोर आहे का? माणसासारखा येईल, बोलेल, लेकीचा पापा घेईल. माझ्यासमोर काय करणार आहे तो?"

कुंपणानेच शेत खाल्लं! मी त्याला दुकानाच्या पायरीवरून काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही.  देसांका हमालांना म्हणाली, "उचला. लवकर उचला." आणि स्वतःच टेबलाच्या कडेला खांदा लावला.

तिहोमिर फाटकातून आला तो बोलायला आला नव्हता. हातात ओंडके फिरवायची लोखंडी पहार होती. त्याने पहिला घाव मशीनवर घातला. चाकाचा तुकडा उडून भिंतीवर गेला. मग पहार टाकली, देसांकाच्या वेणीला हाताचा वेढा घातला आणि तिचं तोंड लोखंडी टेबलावर आपटलं. एकदा. पुन्हा. तिसऱ्यांदा. हमाल मागे सरले. मी धावत गेले आणि त्याच्या पाठीवर बुक्क्या घातल्या, त्याने कोपराने मला कुंपणावर फेकलं. तिथून मला गल्ली दिसत होती. वुकाशिन मिरच्या उलटत होता. त्याची बायको कढईत बघत होती. सासू मिलुंका दारात उभी राहून म्हणत होती, "तुला सांगितलं होतं ना गं, त्याला चिडवू नकोस!" ट्रकमध्ये नेवेना काचेवर हात आपटत ओरडत होती.

देसांका खाली पडली. भुवई फाटून डोळा रक्ताने भरला होता. तिहोमिरने पहार परत उचलली. या वेळी मशीनसाठी नव्हती.

ब्लागोये मध्ये आला.  "तिहोमिर, बाळा, मी कूम आहे. ठेव ती."

तिहोमिरने त्याच्या तोंडावर पहार मारली.

म्हातारा गुडघ्यावर आला आणि त्याच्या हनुवटीवरून रक्त आणि दात एकदमच आले.  मग वुकाशिन ओरडला, "कुमाला मारलं! अरे, याने कुमाला मारलं!"

आणि गल्ली उठली. मी या लोकांबरोबर जन्म काढला, पण असं कधी पाहिलं नव्हतं. गरम चटणी ठिबकणारे सराटे घेऊन बाया-पुरुष फाटकातून आत घुसले. वुकाशिनने त्याचा पहारीचा हात पिरगाळून पाठीवर आणला, खांदा निखळला तेव्हा तिहोमिर लहान पोरासारखा किंचाळला. बायांनी डोक्यावर, पाठीवर, तोंडावर सराटे घातले. हमालांनाही आता हात फुटले, त्यांनी लाथा घातल्या. तो सरपटत आईच्या दाराकडे गेला. मिलुंका त्याच्या अंगावर थुंकली. "कुमावर हात टाकतोस? माझ्या उंबऱ्यावर येऊ नकोस, कुत्र्या!" आणि तिने आतून कडी घातली.

त्याला रस्त्याच्या गटाराशी टाकून सगळे परत आले, लाल झालेले, धापा टाकत, एकमेकांच्या पाठीवर थापा देत. कोणी ब्लागोयेसाठी पाणी आणलं, कोणी उशी. मग सगळ्यांनी मिळून मशीन उचललं, एवढं अलगद की जणू आत मूल झोपलंय. उरलेले खोके त्यांनीच चढवले. वुकाशिनच्या बायकोने आयवारची बरणी दिली. बेलग्रेडला पोचेपर्यंत एका हमालाने ट्रक चालवायचं ठरलं.

मी देसांकाची भुवई फडक्याने बांधली आणि तिला धरून नेवेनाशेजारी बसवलं. वुकाशिन काचेशी आला. त्याचं तोंड आनंदाने फुललं होतं. "आता कशाला जातेस गं? उतर खाली! आता त्याची काय हिंमत? आम्ही सगळे आहोत ना!"

देसांकाने एका उघड्या डोळ्याने त्याच्याकडे बघितलं. मग त्याच्या मागे उभ्या असलेल्या प्रत्येकाकडे, एकेकाकडे, वेळ घेऊन बघितलं.

"एवढी माणसं राहत होती होय इथे?" ती म्हणाली.

 वुकाशिनने सराटा पाठीमागे धरला. मी ट्रकचं दार लावलं आणि हमालाला म्हटलं, चल, निघ.