शेवटच्या अक्षरापर्यंत

माझ्या बायकोच्या मावसभावाइतक्या उशिरा ‘नाही’ म्हणणारा माणूस अख्ख्या रायपुरात सापडायचा नाही. तात्यापाऱ्यात आमच्याकडे जेवायला आला, की खारट भाजी शेवटच्या घासापर्यंत खाणार, हात धुणार आणि मग सांगणार, "ताई, नाही जमली." काय बिघडलं ते विचारलं, तर नुसता हसणार.

हा सगळा कामाचा संसर्ग. नवं राज्य झालं, शंकर नगरातल्या आमच्या कार्यालयात जमिनीच्या नोंदींचा सर्व्हर आला आणि त्यावर पासवर्ड तपासणारा प्रोग्राम लिहायला हा कंत्राटावर आला. मी तिथला बडे बाबू, म्हणजे मुख्य कारकून. मला संगणक चालू करता यायचा, बंद करायला माणूस लागायचा. आधीचा प्रोग्राम पहिलं चुकीचं अक्षर दिसताच नकार द्यायचा. मी म्हटलं, "मग बिघडलं काय?"

"भाऊजी, नकार जरासा उशिरा आला, की चोराले समजते, एवढी अक्षरं बरोबर होती. असं एकेक करत तो पूर्ण पासवर्ड काढते. म्हणून पहिलंच चुकलं, तरी मी शेवटपर्यंत तपासून राहिलो."

शिवाय पासवर्ड तो जसाच्या तसा ठेवत नसे. दळून ठेवायचा, आणि आपण टाकलेलाही दळून पिठाशी पीठ ताडून बघायचा. मी माझा दोनदा विसरलो, तर म्हणाला, "पिठाचे गहू मले करता येत नाही, भाऊजी. नवा टाका." घरचा माणूस असून असं बोलला, हे मला फार लागलं.

मग साहेबांनी फर्मावलं, कोणाचंही खातं उघडेल असा एक पासवर्ड प्रोग्राममध्येच घालून ठेव, नाहीतर कंत्राट संपलं. "हव साहेब" म्हणून समजवायला मीच गेलो. मुलीची शाळा, घरभाडं, सगळं काढलं.

"एकच तर पासवर्ड हाय. काहून अडून राहिला?"

"उद्या तो दुसऱ्याच्या हाती लागला, अन् अभनपुरातल्या कोणाचं शेत तुमच्या खात्यातून भलत्याच्या नावावर चढवलं, अन् आळ तुमच्यावर आला, तर ताई मले विचारन. मी काय सांगू तिले?"

मी साहेबांना जाऊन सांगितलं, ऐकत नाही. कंत्राट संपलं.

शेवटच्या दुपारी त्यानं सगळ्यांना नवे पासवर्ड टाकायला बसवलं. माझी पाळी आली, तेव्हा खुर्ची फिरवून त्यानं तोंड भिंतीकडे केलं. मी एका बोटानं अक्षरं शोधत होतो.

"झालं का, भाऊजी?" बऱ्याच वेळानं त्यानं तसंच पाठमोरं विचारलं.

माझं केव्हाच झालं होतं. मी नुसताच त्याच्या पाठीकडे बघत बसलो होतो.