आपिसाई मामांनी शोधलेली नोंद

आपिसाई मामांच्या टेबलावर दोन गोष्टी कायम: उकडलेल्या कसाव्याच्या कंदांचा डबा आणि कुणाचा तरी बिघडलेला प्रोग्रॅम. सुवा शहरातल्या आमच्या ऑफिसात काही अडलं की सगळे तिकडेच जायचे. मामा आधी शिव्या घालायचे, मग कसावा पुढे करायचे, मग खुर्ची ओढायचे. माझा त्या माणसावर भारी जीव.

आम्ही बेटांवर जाणाऱ्या बोटींसाठी भरती-ओहोटीच्या वेळा काढतो. मे महिन्यात एक बोट ओहोटीला प्रवाळावर घासली. कुणाला लागलं नाही, पण आमच्या एका फाइलमध्ये ओहोटीचा जुनाच, चुकीचा आकडा निघाला. सेरेइमा, आमच्यातली सगळ्यात नवी पोरगी, म्हणाली, "तो मी मार्चमध्येच सुधारला होता."

साहेबांनी फाइलचा इतिहास उघडला. कुणी, कधी, काय बदललं ते त्यात नोंदलेलं असतं. सेरेइमाचं नाव कुठेच नव्हतं.

"शुक्रवारपर्यंत दाखव, नाहीतर नोकरी गेली समज," साहेब म्हणाले.

घरी त्याहून वाईट. तिचे वडील चर्चमध्ये प्रवचन देतात. "मग त्या नोंदींत लिहिलेलं खोटं का?" एवढंच विचारून त्यांनी लेकीशी बोलणं टाकलं.

मामांनी खुर्ची ओढली. "फाइलचं नाव बदललं असेल. जुन्या नोंदी जुन्या नावाखाली राहतात." नाव तर तेच होतं.

"मग तू बदल पाठवलाच नसशील, कार्टे!"

"मामा, तुम्हीसुद्धा?"

"रडू नको गं. कसावा खा."

गुरुवारी दुपारी मामा एकदम ताठ बसले. दोघांचं वेगवेगळं काम एकत्र जोडलं, की फाइलचा इतिहास आजची फाइल ज्या वाटेनं आली तेवढीच वाट दाखवतो. दुसरी वाट पुसत नाही, पण दाखवतही नाही. मामांनी दोन्ही वाटा मागितल्या आणि हरवलेली नोंद आली: बारा मार्च, सेरेइमा, बरोबर आकडा!

मी टाळ्या पिटल्या. मामा मात्र पुढे वाचतच राहिले. त्यानंतरची नोंद पंधरा मार्चची, जोडणीची होती. एकाच ओळीला दोघांचे हात लागले होते, तेव्हा यंत्रानं विचारलं होतं, कुणाचं ठेवू? जोडणाऱ्यानं स्वतःचं, जुन्या आकड्याचं ठेवलं होतं. जोडणारा आपिसाई.

"रग्बीची मॅच होती रे," मामा म्हणाले. "घाईत न बघता माझंच ठेव म्हटलं. पोरीचं गेलं."

ते तसेच साहेबांकडे गेले आणि सगळं सांगून आले. पण आमच्याकडे नुसत्या तोंडानं माफी होत नाही. त्यांनी बाजारातून यांगोनाच्या, म्हणजे आमच्या मानाच्या पेयाच्या, मुळ्यांची जुडी घेतली आणि मी त्यांना गाडीतून सेरेइमाच्या घरी नेलं. साठीचा माणूस जुडी पुढे ठेवून, चटईवर मांडी घालून, मान खाली घालून बसला.

"चूक माझी. तुमची लेक खरं बोलत होती."

आमच्याकडे समोरच्यानं जुडीला हात लावून टाळी दिली, की माफी मिळाली. वडिलांनी जुडीला हात लावलाच नाही. मग त्यांनी लेकीला हाक मारली, उठून मामांच्या शेजारी तशीच मांडी घातली आणि जुडी उचलून तिच्यापुढे ठेवली.

"ही आम्हा दोघांकडून," ते म्हणाले. "मीही तुला खोटी ठरवली, बाळ."

सेरेइमानं मुळ्यांवर हात ठेवला, पण टाळी द्यायच्या आधीच तिला रडू फुटलं.