न आलेला बुडबुडा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नीताला, माझ्या बायकोलाही नाही. आमच्या घरातला एसी बदलला तो जुना थकला म्हणून, असंच ती समजते. सगळेच तसं समजतात.

आधी तो जुना एसी काय होता ते सांगतो. की मी नुसता वेळ काढतोय? असेल. तरी सांगतो.

माझे वडील, अण्णा, लालबागच्या एका थिएटरमध्ये एसी प्लांट चालवायचे. थिएटर बंद पडलं, सामान भंगारात निघालं, तेव्हा त्यातला एक ब्लोअर आणि पत्र्याचे डक्ट त्यांनी मालकाकडून मागून घेतले. आमचं घर परळला, जुन्या इमारतीत— मधली भिंत काढून एक केलेल्या दोन खोल्या आणि मागे गॅलरी. गॅलरीत अण्णांनी स्वतः जुळवलेलं मशीन, छताखालून लांबलचक डक्ट, दोन्ही खोल्यांत हवेसाठी लाकडी जाळ्या. सेंट्रल एसी! गिरणगावात तेव्हा धड पंखे नव्हते सगळ्यांकडे. मशीन सुरू झालं की डक्ट थरथरायचा, मांडणीवरची भांडी वाजायची आणि आई म्हणायची, "उडालं यांचं विमान."

मे महिन्यात इमारतीतल्या कुठल्याही मुलीचं लग्न असो, ती आमच्याकडे तयार व्हायची. घामाने मेकअप उतरू नये म्हणून. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत पावडरीचा, अबोलीच्या वेण्यांचा, नव्या शालूंचा वास. आणि अण्णा गॅलरीत, बायकांकडे पाठ करून, मशीनवर हात ठेवून उभे. जणू घोडाच आवरून धरलाय. नवरी निघताना आधी त्यांच्या पाया पडायची. त्या हवेला एक ओलसर, पत्र्याचा वास होता. तसा गारवा मला पुन्हा कुठे मिळालेला नाही.

मग मी मोठा झालो, साहेब झालो. आई गेली. एका गणपतीत ऑफिसचे लोक घरी आले. एकाने वर बघितलं आणि म्हणाला, "अरे, घरात थिएटर उघडलंय काय?" सगळे हसले. अण्णाही हसले— त्यांना ते कौतुक वाटलं. मला मात्र खाली बघावंसं वाटलं.

त्यानंतर मी नव्या एसीचा विषय काढला. आवाज नाही, वीज कमी, डक्ट छताच्या आत लपलेला. अण्णांनी ऐकून घेतलं. "चलता मा? मग कित्याक?" एवढंच म्हणाले. चालतोय ना, मग कशाला? मी पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा तेच सांगितलं.

मग अण्णा संध्याकाळी खाली पेपर वाचायला गेले, तेव्हा मी गॅलरीत जाऊन व्हॉल्व्ह उघडला. सगळा गॅस सोडून दिला. सुस्कारा सोडल्यासारखा आवाज आला, मी व्हॉल्व्ह परत बंद केला आणि संपलं. लहानपणापासून मी ते मशीन बघत आलो होतो, कुठे हात घालायचा हे मला ठाऊक होतं.

अण्णांनी गॅस भरला. मी पुन्हा सोडला.

गॅस जातोय म्हणजे कुठेतरी गळती असणार. अण्णांनी पुन्हा थोडा गॅस भरला, वाटीत साबणाचा फेस केला, दाढीचा ब्रश घेतला आणि एकेका सांध्याला फेस लावत बसले. गळती असेल तिथे फेसाला बुडबुडा येतो. येणार कुठून? गळती नव्हतीच. ते गुडघ्यांवर बसून, चष्मा कपाळावर चढवून, परत खाली ओढून, तेच तेच सांधे बघत होते. सकाळ गेली. दुपारचं जेवण राहिलं. नीता दोनदा बोलावून गेली.

शेवटी त्यांनी मला हाक मारली. "तू बघ रे. माका काय दिसणा नाय."

मी वाकलो. पांढरा, सपाट, शांत फेस होता. बुडबुडा नव्हता. "नाही अण्णा," एवढं म्हणून मी उठू शकलो असतो. त्याऐवजी मी एका सांध्यावर बोट ठेवलं.

"हा काय, येतोय की. एवढा मोठा. तुम्हाला दिसत नाही?"

ते बघत राहिले. मग अगदी जवळ गेले. नाकाला फेस लागला. काही वेळाने त्यांनी ब्रश धुतला, पुसला आणि म्हणाले, "काढून टाक मशीन."

नवा एसी आला. बसवणारी माणसं डक्ट उतरवत होती तेव्हा अण्णा खाली जाऊन बसले. बघायला वर आले नाहीत. पूर्वी शेजारचे लोक मिक्सर, इस्त्री, पंखे त्यांच्याकडे दुरुस्तीला घेऊन यायचे. आता अण्णा दारातूनच सांगायचे, "डोळे गेले माझे. दुसरीकडे दाखवा." मी आत बसून ऐकायचो. खोली गार असायची, आवाज अजिबात नसायचा.

नीताच्या आग्रहाने मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी नीट तपासलं आणि म्हणाले, "आजोबा, तुमच्या वयाच्या मानाने नजर उत्तम आहे. जवळचंही स्वच्छ दिसतंय."

अण्णांनी मान हलवली. "नाही हो डॉक्टर. माझ्या मुलाला दिसलं, मला नाही दिसलं. तो खोटं कशाला बोलेल?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी शेजारच्याच खुर्चीवर होतो. सांगायला यापेक्षा सोपी जागा मिळाली असती का? मी म्हणालो, "वय झालंय त्यांचं."

बाहेर पडल्यावर रस्ता ओलांडताना अण्णांनी माझा हात धरला. तोवर कधी धरला नव्हता— गाड्यांच्या मधून माझ्यापुढे चालणारा माणूस तो. त्यानंतर मात्र जाईपर्यंत ते प्रत्येक रस्त्याला माझा हात धरत राहिले, आणि मी तो धरू देत राहिलो.