भंगाळ्यांच्या घराचं शटडाऊन

रामदास भंगाळे यांनी उभी हयात नेपानगरच्या कागद मिलमध्ये काढली. रिटायर होऊन बुऱ्हाणपुरात घर बांधलं, तेव्हा मिलमधून त्यांनी फक्त एक गोष्ट बरोबर आणली : शटडाऊन. तिथे दुरुस्तीसाठी मशीन बंद करायचं झालं की वाफ, पाणी, वीज ठरल्या क्रमाने तोडायची, प्रत्येक व्हॉल्व्हला लाल पट्टी बांधायची, आणि ज्याने पट्टी बांधली त्यानेच ती सोडायची. दुसऱ्या कुणाचा हात लागला तर पहिल्यापासून सगळं पुन्हा तपासायचं. नियम लाखमोलाचा, त्यामुळे मिलमधल्या माणसांची बोटं जागेवर राहत. मात्र तोच नियम दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि एका तुळशीला लावला की काय होतं, ते यमुनाबाईंना विचारावं.

यमुनाबाईंनी समुद्र पाहिला नव्हता. लेक मनीषा लग्न होऊन मालवणला गेली आणि दर हिवाळ्यात बोलवू लागली. दर हिवाळ्यात घर आडवं यायचं. एका वर्षी टाकी ठिबकली. एका वर्षी दाराचं कुलूप नुसतं कुरकुरलं, तर "असल्या कुलपाच्या भरवशावर घर सोडायचं?" म्हणून तिकिटं रद्द झाली. यंदा यमुनाबाईंचे गुडघे देवळाच्या पायऱ्यांनाही नाही म्हणू लागले होते. वाळूत चालायचं तर याच वर्षी, हे त्यांना पक्कं कळलं होतं. त्यांनी नातवासाठी मिठाईवाल्याकडून दराबा बांधून घेतला आणि नवऱ्याच्या कुठल्याही कामात तोंड घालायचं नाही असं ठरवलं.

निघायच्या दोन दिवस आधी शटडाऊन सुरू झालं. गॅस बंद, त्याला पट्टी. फ्रिज रिकामा, त्याला पट्टी. दोघं मुरमुरे-शेव खाऊन राहिले. टीव्ही कागदात गेला, मिक्सर कागदात गेला, मग रामदासराव देवघराकडे वळले.

"अहो, देव तरी उघडे राहू द्या."

"धूळ त्यांच्यावरही बसते," रामदासराव म्हणाले आणि गणपतीला इतक्या मायेने गुंडाळलं की यमुनाबाईंना राग धरता आला नाही.

निघायच्या सकाळी शेजारची विमल तांब्या घेऊन आली. "भाऊजी, तुळशीला पाणी घाला म्हणता, पण अंगणातल्या नळाला पट्टी बांधून ठेवलीय."

"तुमच्या घरून आणा."

"रोज? माझी कंबर काय मिलमध्ये बनलीय?"

रामदासराव गच्चीवर टाकी बघायला गेले, तेवढ्यात यमुनाबाईंनी नळाची पट्टी हळूच सोडली. विमलला खूण केली आणि पट्टी पर्समध्ये टाकली. इकडे तिकडे फेकायची सवय नव्हती, म्हणून.

बाहेर भाईदासची रिक्षा उभी होती. "काकू, गाडी राइट टाइम दाखवतेय," मोबाइल बघत तो म्हणाला. "काकाच लेट चालताहेत."

अखेर कुलूप लागलं. रिक्षा शनवारा चौकापर्यंत पोचली. यमुनाबाईंनी कितीतरी वर्षांनी पाठ टेकली. तेवढ्यात चष्म्यासाठी रामदासरावांनी त्यांच्या पर्समध्ये हात घातला आणि तो बाहेर आला लाल पट्टीसकट.

"ही कुठली?"

जादा कापली असेल, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण संसारात खोटं बोलायची वेळच कधी आली नव्हती, सरावच नव्हता. "तुळशीच्या नळाची," त्या म्हणाल्या. "मी सोडली."

रामदासरावांचा चेहरा पडला. "भाईदास, रिक्षा वळव."

"काका, नळ तर आहे एक. विमलताईंना फोन लावा ना."

"पट्टी विमलने नव्हती बांधली."

"अहो, पुढे पनवेलहून कोकणात जायची गाडीही चुकेल," यमुनाबाई म्हणाल्या. "पाया पडते तुमच्या."

"हो, हो. पाच मिनिटांत येतो."

घरी पोचताच रामदासरावांनी पहिल्या व्हॉल्व्हपासून सुरुवात केली. यमुनाबाई रिक्षातच बसून राहिल्या. उतरल्या तर प्रवास संपेल असं त्यांना वाटत होतं. भाईदासने दोनदा हॉर्न दिला, मग देणं सोडलं. बऱ्याच वेळाने मोबाइल खिशात ठेवत तो म्हणाला, "गेली, काकू." आणि स्वतःच बॅगा आत नेऊन ठेवल्या.

यमुनाबाई सोफ्यावर बसल्या. खाली कागद कुरकुरला. मनीषाचा फोन आला. "आई, बसलात गाडीत?"

"नाही गं."

"मग मीच येते तिकडे."

"येशील तेव्हा ये. पण माझं तिकीट आता काढू नकोस, मनू. कधीच नको."

रामदासराव स्वयंपाकघरातून हात पुसत आले. सगळं जागच्या जागी होतं, त्यामुळे त्यांचा चेहरा उजळला होता. "कधीच नको काय म्हणतेस? चूक माझीच आहे. दोन दिवस कमी पडले. पुढच्या वर्षी आठवडाभर आधी सुरू करू. आणि नळाचं काम तुझ्याकडे, बस?"

ते मनापासून बोलत होते. भांडले असते तर यमुनाबाई भांडल्या असत्या, रडून मोकळ्या झाल्या असत्या. त्यांनी फोन बंद केला आणि गुडघे चोळत राहिल्या. आत रामदासराव एकेक पट्टी सोडत होते, आणि शीळ वाजवत होते.